कड्याखालच्या किनाऱ्यावर उतरण्याआधी

साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. मध्ये सह्याद्री आडवा आहे, त्यामुळे घाटातून उतरताना ते अंतर दुप्पट होतं, एवढंच. सांगली थोडी लांब, पण मिरजेवरून जाणारा रत्नागिरी-नागपूर महामार्ग आणि विट्याहून कऱ्हाड, पाटण, चिपळूण करत गुहागरला पोचणारा रस्ता, दोन्ही थेट वाळूपाशी नेऊन सोडतात. शनिवारी पहाटे निघालेली गाडी जेवणाच्या वेळेला समुद्रावर असते. या वेळेत एक मोठा घोटाळा दडलेला आहे, पण त्याविषयी पुढे.

एके काळी समुद्र म्हणजे गणपतीपुळे, फार तर मालवण. आता कॉलेजच्या पोरांपासून पन्नाशीच्या जोडप्यांपर्यंत सगळ्यांना ‘जिथे कुणी नसतं असा’ किनारा हवा असतो, आणि मोबाइलच्या नकाशावर तो सापडतोही. असे किनारे बहुतेक वेळा कड्याच्या पायथ्याशी असतात. तिथे रस्ता उतरत नाही म्हणून गाड्या नाहीत, गाड्या नाहीत म्हणून टपऱ्या नाहीत आणि गर्दीही नाही. पण ज्या कारणाने टपरीवाला तिथे पोचत नाही, त्याच कारणाने जीवरक्षकही पोचत नाही. मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. उतरायला आणि चढायला वाट एकच. म्हणून अशा ठिकाणचा बेत आखताना पहिला प्रश्न ‘कधी पोचायचं’ हा नसतो, ‘किती वाजता परत वर यायचं’ हा असतो.

कृष्णाकाठच्या माणसाला पाण्याची भीती नसते, आणि समुद्रावर त्याची पहिली अडचण तीच होते. वाईपासून औदुंबरपर्यंत पिढ्यान् पिढ्या पोरं नदीतच पोहायला शिकली. सांगलीत तर पुराच्या पाण्यात 1929 च्या आयर्विन पुलावरून उड्या टाकणारे पट्टीचे पोहणारे आजही आहेत. पण नदीचं पाणी एकाच दिशेला जातं, काठ दोन्ही बाजूंना दिसतो आणि पूर यायला निदान काही तास लागतात. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं नि दोनदा उतरतं. काठ एकाच बाजूला असतो आणि तोही कडा असेल तर पाणी चढल्यावर पाय टेकायला जागा उरत नाही. सांगलीकराला मात्र एक गोष्ट शिकवावी लागत नाही: पाण्याची फूटपट्टी वाचणं. आयर्विनपाशी 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, आणि ऑगस्ट 2019 मध्ये 57 च्या पुढे गेलेलं पाणी घरोघरी लक्षात आहे. हीच सवय समुद्रावर नेली पाहिजे. तिथली पट्टी भरती-ओहोटीच्या वेळापत्रकात असते.

वेळापत्रक इंटरनेटवर मिळतं, पण त्याच्या आधीपासून कोकणात एक सोपा हिशेब चालत आला आहे: तिथीची पाऊणपट. त्या दिवशीची तिथी घ्यायची, तिला पाऊणने गुणायचं, येईल तो आकडा ऐन भरतीचा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. तिथून पुढे साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला हिशेब बाराच्या आसपास येतो, म्हणजे भर दुपारी आणि मध्यरात्री पूर्ण भरती. दुसऱ्या दिवशी हेच सगळं सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकतं. हा ठोकताळा मुंबई-रायगडच्या पट्ट्यात बरा जुळतो. गोव्यात भरती साधारण तासभर अलीकडे येते. नक्की मिनिटं वेळापत्रकातूनच घ्यावीत, पण स्वयंपाकघरात टांगलेल्या दिनदर्शिकेवरून बेताचा दिवस ठरवायला पाऊणपट पुरेशी आहे.

आता मघाचा घोटाळा. घाटावरचा माणूस समुद्रावर जातो कधी? दिवाळीच्या सुटीत आणि होळीला जोडून आलेल्या शनिवार-रविवारी. लक्ष्मीपूजन अमावास्येचं, होळी पौर्णिमेची. म्हणजे नेमक्या उधाणाच्या दिवसांत, जेव्हा पाणी सर्वांत उंच चढतं. आणि पहाटे निघून तो पोचतो दुपारी बाराच्या सुमाराला, म्हणजे ऐन भरतीला! भाऊबीज उरकून निघालं तरी द्वितीयेची पाऊणपट दीड वाजता येते. कड्याखालच्या किनाऱ्याला याहून वाईट मुहूर्त शोधून सापडणार नाही. त्यापेक्षा षष्ठी ते अष्टमी बघावी. षष्ठीला भरती साडेचारला, म्हणून ओहोटी सकाळी साडेदहाच्या आसपास. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला, आणि भांगाचे दिवस असल्याने पाण्याचा चढ-उतारही कमी. उधाणातच जाणं भाग असेल तर आदल्या रात्री वस्तीला जावं आणि सकाळी सहा-सातची ओहोटी धरावी.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही, हेही ध्यानात ठेवायचं. ओहोटी संपल्यावर पहिल्या तासात एकूण चढाच्या जेमतेम बाराव्या हिश्शाइतकं पाणी येतं. माणूस निर्धास्त होतो. पुढे तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी चढतं. मुंबईकडे उधाणाचं पाणी पावणेपाच मीटरच्या पुढे जातं, गोव्यात चढ दोन-सव्वादोन मीटरचा. पण कड्याच्या पायथ्याची चिंचोळी वाट बुडायला दोन मीटरसुद्धा भरपूर झाले. नियम सोपा ठेवावा: ओहोटीच्या दोन तास आधी खाली उतरायचं आणि ओहोटीनंतर तासाभरात पाठ फिरवायची.

हे सगळं एका ठिकाणी बघायचं तर हरिहरेश्वर. श्रीवर्धनच्या भटांचं हे कुलदैवत. त्याच घराण्यातले बाळाजी विश्वनाथ साताऱ्याला शाहू महाराजांकडे आले आणि 1713 मध्ये पेशवे झाले. साताऱ्याहून मेढा, महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर, महाड, म्हसळा अशी वाट आहे. पावसाळ्यात आंबेनळीत दरडी कोसळतात, तेव्हा निघण्याआधी घाट सुरू आहे ना ते विचारून घ्यावं. देवळात आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव असं दर्शन घेतात आणि मग प्रदक्षिणेला निघतात.

ही प्रदक्षिणा म्हणजे देवळाभोवतीची फेरी नव्हे, अख्ख्या डोंगराला घातलेला वळसा आहे. मागच्या पायऱ्या चढून गेलं की वाट दोन खडकांमधल्या अरुंद घळीतून खाली सुटते. पायऱ्या उभ्या आहेत आणि दोन्ही बाजूंचा कातळ अंगावर आल्यासारखा वाटतो. खाली पोचताच एकदम समोर समुद्र. डाव्या-उजव्या कुठल्याच बाजूला वाळू नाही, फक्त लाटांनी घासून सपाट केलेला काळा कातळ, आणि मागच्या भिंतीवर खारं पाणी व वारा यांनी कोरलेली मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी. या कातळावरून कड्याला धरून चालत देवळाच्या किनाऱ्याकडे यायचं असतं. ओहोटीला ही फेरी लहान मुलालाही जमते. भरतीला त्याच कातळावर लाट येऊन भिंतीवर आपटते आणि परत जाताना समोर असेल ते ओढून नेते. माणसं इथे वाहून गेलेली आहेत, म्हणूनच भरतीच्या वेळी प्रदक्षिणा करू नये अशी सूचना तिथे असते. ‘देवाचं काम आहे, काही होत नाही’ म्हणून ती ओलांडणारे दर सुटीत दिसतात. पुजारी थांबा म्हणाले तर थांबावं. सहा तासांनी देव तिथेच असतो.

कातळावर चालताना पायात काय आहे हेही महत्त्वाचं. रबरी स्लिपर ओल्या शेवाळावर साबणासारखी सुटते. मागे पट्टा असलेली, खाचांच्या तळाची सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट बरे. हिरवट काळसर चकाकी दिसेल तिथे पाऊल टाकायचं नाही. कातळ ओला आहे याचा अर्थ तिथपर्यंत लाट नुकतीच येऊन गेली आहे. फोटोसाठी कोरड्या खडकावरच उभं राहावं, समुद्राकडे पाठ करून मुळीच नाही. गुहागर तालुक्यात हेदवीला उमामहेश्वराच्या देवळाखाली कातळात बामणघळ नावाची अरुंद भेग आहे. भरतीला पाणी तिच्यात घुसतं आणि उंच उसळतं. ती बघायला मात्र भरतीलाच जावं लागतं, आणि ती लांबूनच बघायची असते.

कडा म्हटलं की सातारकराला वाटतं, यात आपल्याला काय सांगता! अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेला माणूस उतार-चढाला घाबरत नाही. मात्र ओळखीचा कडाही दगा देतो. ऑगस्ट 2024 मध्ये बोरणे घाटात सेल्फी काढताना एक तरुणी दरीत पडली आणि तिला दोराने वर काढावं लागलं. समुद्रकाठच्या कड्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. गोवा आणि दक्षिण कोकणात बऱ्याच ठिकाणी वर जांभ्याचा टणक थर आणि खाली मऊ माती असते. लाटा आणि पावसाचं पाणी खालची माती पोखरतात, वरचा जांभा पुढे लोंबकळत राहतो आणि कधीतरी सुटतो. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी अकरा-साडेअकरापर्यंत सावली असते ती फक्त कड्याच्या पायथ्याशी. चटई अंथरायला, डबे उघडायला सगळ्यांना तीच जागा आवडते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एन्सिनिटासला ऑगस्ट 2019 मध्ये अशाच किनाऱ्यावर बसलेल्या एका कुटुंबातल्या तिघी जणी कडा कोसळून दगावल्या. सावली हवी तर छत्री न्यावी. पायथ्याशी ताज्या तांबड्या ढेकळांचा ढीग, कड्यावर ओली रेघ किंवा लोंबकळणारी झाडाची मुळं दिसली, तर तिथून चांगलं लांब बसावं. पाऊस संपल्यावरचे एक-दोन महिने जास्त जपायचे.

पश्चिमेचा आणखी एक सापळा आहे तो सूर्यास्ताचा. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांत पायवाट दिसेनाशी होते. खाली बसून सूर्यास्त बघायचा आणि मग चढायला लागायचं, हे दमलेल्या पायांनी आणि मोबाइलच्या उजेडात करायचं काम नाही. सूर्यास्त वरूनच बघावा. दिसतोही जास्त चांगला.

पाण्यात उतरणाऱ्यांसाठी दोन तारखा. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. एप्रिल 2017 मध्ये मालवणजवळ वायरीला बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे आठ जण गेले. दोन्ही वेळा पावसाळा नव्हता. दोन्ही किनारे ओळखीचे होते, कड्याखालचे निर्जन वगैरे नव्हते.

किनाऱ्यावर आलेलं पाणी कुठून तरी परत आत जातंच. ते ज्या पट्ट्यातून जातं त्याला जीवरक्षक ‘रिप करंट’ म्हणतात. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधल्या पट्ट्यात फेस नसतो, पाणी जरा गडद आणि शांत दिसतं. मुलांना घेऊन पाण्यात जाणारी कुटुंबं नेमकी तीच जागा निवडतात. ओढ जोरात असली तर सेकंदाला दोन मीटरचाही वेग गाठते. त्या वेगाविरुद्ध ऑलिंपिकचा खेळाडूही पोहू शकत नाही. कृष्णेत शिकलेला पोहणारा जिद्दीने किनाऱ्याकडे तोंड करून हात मारत राहतो आणि दमून बुडतो. करायचं ते उलट: झगडायचं नाही, पाठीवर तरंगायचं, हात वर करून हाका मारायच्या आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर, बाजूला पोहायचं. हा पट्टा फार रुंद नसतो. त्यातून बाहेर पडलं की लाटाच किनाऱ्याकडे आणतात. किनाऱ्यावरच्या मित्राने त्याच्यामागे उडी मारू नये. पाच लिटरचा रिकामा कॅन झाकण घट्ट लावून फेकला तरी त्यावर माणूस तरंगतो, म्हणून पाण्याचा कॅन रिकामा झाला की टाकून न देता जवळ ठेवावा.

गोव्यात 2008 पासून दृष्टी मरीन या संस्थेचे जीवरक्षक सरकारतर्फे नेमलेले आहेत. सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा ही त्यांची वेळ. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये पोहायचं, लाल झेंडा असेल तर नाही. कोकणात मोजक्या किनाऱ्यांवरच अशी सोय आहे, कड्याखाली तर नाहीच. संकटात 112 आणि रुग्णवाहिकेला 108, पण रेंजसाठी कुणाला तरी वर पळावं लागेल हे धरूनच चालावं. जूनपासून ऑगस्टपर्यंत पाण्यात उतरणं हा विषयच नको. 1 जून ते 31 जुलै मच्छीमारांच्या यांत्रिक बोटीही बंद असतात.

आता हरमल. गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यात. सांगलीहून कोल्हापूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा करत पत्रादेवीला गोव्यात शिरायचं. मिरजेहून लोंढामार्गे रेल्वेने जाणं फार सुंदर, वाटेत दूधसागर दिसतो, पण ती गाडी मडगाव-वास्कोकडे उतरवते आणि मडगाव ते हरमल म्हणजे गोव्याचं एक टोक ते दुसरं. हरमलचा मोठा किनारा ओलांडून उत्तरेला डोंगराच्या कडेने, दुकानांच्या रांगेतून आणि खडकांवरून गेलं की पलीकडे कालाचा नावाचा छोटा किनारा लागतो. मागे झाडी, पुढे समुद्र आणि मध्ये, लाटांपासून हाकेच्या अंतरावर, गोड्या पाण्याचं तळं. डोंगरमाथ्यावरून केरीकडे पायवाट जाते. दक्षिणेला वागातोरच्या तांबड्या कड्याखालचा ओझरांचा किनाराही याच जातीचा. तिथे एका परदेशी कलाकाराने खडकात कोरलेला शंकराचा चेहरा आहे.

साठच्या दशकाच्या शेवटी हिप्पी आधी कळंगुट-हणजूणला आले, तिथे वर्दळ वाढली तसे वागातोर, हरमलकडे सरकले. ते विवस्त्र पोहत, उन्हात पडून राहत. मग त्यांना ‘बघायला’ घाटावरून आणि मुंबईहून बसगाड्या येऊ लागल्या. गोव्यातल्या गावकऱ्यांना हे दोन्ही आवडलं नाही: नंगेपणाही आणि तो बघायला येणारे पर्यटकही. त्या काळाच्या आख्यायिका अजून फिरतात आणि त्या ऐकून काही मंडळी आजही चौकशी करतात, म्हणून साफ सांगायला हवं. भारतात कपड्यांशिवाय वावरायला कायदेशीर परवानगी असलेला एकही किनारा नाही. सार्वजनिक जागी इतरांना त्रास होईल असं अश्लील कृत्य केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 296 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नोव्हेंबर 2020 मध्ये अभिनेता मिलिंद सोमण यांनी वाढदिवसाला गोव्याच्या किनाऱ्यावर विवस्त्र धावतानाचा फोटो टाकला, तेव्हा त्यांच्यावर तेव्हाच्या कलम 294 आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. किनारा निर्जन होता की नाही, हा मुद्दाच आला नाही.

तरीही एकांतातल्या किनाऱ्यावर कुणी परदेशी पाहुणी तोकड्या कपड्यांत पुस्तक वाचत पडलेली दिसेल, क्वचित कुणी नियम मोडून विवस्त्रही दिसेल. अशा वेळी काय करायचं हे सांगली-कोल्हापूरच्या माणसाला खरं तर ठाऊक आहे. या भागात दिगंबर मुनींचा विहार नवीन नाही. कुंडलसारखी दिगंबर जैनांची क्षेत्रं इथे आहेत, आणि रस्त्याने मुनी चालत आले की जैन असो वा नसो, माणूस बाजूला होतो, हात जोडतो, टक लावून बघत नाही. तिथे व्रत आहे आणि किनाऱ्यावर हौस, दोन्हींची गल्लत कुणी करू नये. पण समोरच्याच्या शरीराला तमाशा न मानता वाट देण्याची रीत आपल्या अंगात आहे, ती गोव्याच्या हद्दीवर सोडून जाण्याचं कारण काय? टक लावून बघू नये, टोळक्याने जवळ जाऊन बसू नये, ‘वन सेल्फी मॅडम’ म्हणू नये. लपून फोटो काढणं हा नुसता असभ्यपणा नाही. संमतीशिवाय कुणाच्या खासगी अवयवांचं चित्र टिपलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 ई खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ते फोटो ग्रुपवर फिरवणाराही सुटत नाही. किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणं, बाटल्या फोडणं आणि चूल मांडणं यांवरही गोव्यात 2019 पासून दंडाची तरतूद आहे.

मराठी घरांचा खरा कपड्यांचा प्रश्न मात्र वेगळाच आहे. काढायचे किती हा नाही, घालायचे कोणते हा. साडी नेसून कमरेएवढ्या पाण्यात गेलेल्या काकू, ओढणी गळ्यात घेऊन लाटेत उभी मुलगी, जीन्स घालून पोहणारा पोरगा आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत मिरवणारे त्याचे वडील, हे दृश्य कुठल्याही किनाऱ्यावर दिसतं. ओली साडी पायांत गुंडाळते आणि लाट परतताना कापडासकट बाईला ओढते. गळ्यातली ओढणी तर फासच. जीन्स भिजली की जड होते आणि पाण्यात काढताही येत नाही. यावर तोकड्या कपड्यांची सक्ती नाही. घट्ट बसणारी नायलॉन किंवा लायक्राची पूर्ण लांबीची लेगिंग आणि लांब बाह्यांचा तसलाच टी-शर्ट घेतला की अंग झाकलेलं राहतं, ऊन लागत नाही, वाळू खरचटत नाही आणि पोहताही येतं. रंग गडद घ्यावा, फिका भिजला की पारदर्शक होतो. पुरुषांनी आतली चड्डी ही आतच घालण्याची वस्तू आहे एवढं लक्षात ठेवावं, वर गुडघ्यापर्यंतची अर्धी पँट असू द्यावी. कड्याखाली कपडे बदलायला आडोसा नसतो. पोहायचे कपडे आतून घालून उतरावं आणि परतताना दोन मोठे पंचे धरून आडोसा करावा. मंगळसूत्र, अंगठ्या, गाडीची इलेक्ट्रॉनिक चावी मुक्कामीच ठेवावी. चावी खाऱ्या पाण्यात गेली की गाडी उघडायची पंचाईत.

लाटांवर स्वार होण्याची हौस असेल तर ती कड्याखाली शिकू नये. खडक जवळ, मदत लांब. हरमलच्या मोठ्या किनाऱ्यावर आणि आश्वे-मोरजी पट्ट्यात सर्फिंग शिकवतात. नोव्हेंबर ते एप्रिल तिथे लाटा लहान आणि खाली सपाट वाळू असते. नवशिक्याला मोठा, मऊ फोमचा बोर्ड देतात, त्याची दोरी घोट्याला बांधायची आणि कमरेएवढ्या पाण्यातच राहायचं. बोर्ड आपल्या आणि लाटेच्या मध्ये कधीही धरू नये, लाट तो थेट तोंडावर आणते. पाण्यात चालताना पाय उचलून टाकण्यापेक्षा वाळूत घासत न्यावेत, म्हणजे तळाशी लपलेली पाकट आधीच बाजूला सरते. जेलीफिश चावली तर वाळूने चोळायचं नाही. समुद्राच्याच पाण्याने धुऊन, तंतू न खरवडता चिमट्याने अलगद उचलून काढून, सोसवेल इतक्या गरम पाण्याचा शेक द्यायचा. श्वास लागला तर थेट दवाखाना.

सातारा-सांगलीतल्या बऱ्याच घरांतली मुलं आता अमेरिकेत आहेत आणि आई-वडिलांची सहा महिन्यांची फेरी ठरलेली असते. सॅन दिएगोला गेलेल्यांना विद्यापीठाच्या मागे सुमारे 300 फुटी कड्याखाली ब्लॅक्स बीच दिसतो. लाटांवर स्वार होणाऱ्यांमध्ये तो जगभर प्रसिद्ध आहे, कारण समोरच्या समुद्रतळातल्या खोल दरीमुळे लाटा इथे एकवटून उंच होतात. 1974 मध्ये शहराने इथे कपड्यांची सक्ती उठवली, 1977 मध्ये मतदारांनी ती पुन्हा लागू केली. उत्तरेकडच्या सरकारी उद्यानाच्या पट्ट्यात मात्र विवस्त्र वावर आजही खपवून घेतला जातो. सुनेसोबत गेलेल्या सासऱ्यांची पंचाईत नको, म्हणून हे आधीच माहीत असलेलं बरं. ग्लायडरपोर्टवरून उतरणारी वाट उभी आणि मातीची आहे, जानेवारी 2023 मध्ये या किनाऱ्यावर मोठी दरडही कोसळली. गुडघे कुरकुरत असतील तर बंद डांबरी रस्त्याने चालत उतरावं, नाहीतर दक्षिणेच्या ला होया शोअर्सला जावं: तिथे सपाट वाळू आणि जीवरक्षक दोन्ही आहेत आणि ओहोटीला स्क्रिप्सच्या धक्क्याखालून उत्तरेकडे चालत ब्लॅक्सपर्यंत जाता येतं. पाणी आपल्यापेक्षा खूप थंड, हिवाळ्यात 14-15 अंश. आणि तिथे तिथीची पाऊणपट चालत नाही. त्या किनाऱ्यावर दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, त्यामुळे निघण्याआधी नोआ या सरकारी संस्थेचं त्या दिवसाचं वेळापत्रक मुलाकडून मोबाइलवर काढून घ्यावं.